नत्थुजींचं वाक्य

त्या दिवशी मी अकोल्याला निघालो तो मोगऱ्याची टोपली घेऊन. सकाळचं काम एवढंच, टोपली सांभाळायची अन् बगलेतली वही सांभाळायची. आमचं घराणं फुलमाळ्याचं. अमरावतीबाहेर विहिरीवर आमचा मोगरा. धाकटा भाऊ देवीदास यानं पहाटेच कळ्या तोडून ओल्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. मी शाळामास्तर झालो, नाटकं लिहिली, पण मुहूर्ताला फुलं घरचीच पाहिजेत हा माझा हट्ट. बडनेऱ्याला गाडी दीड तास उशिरा आली. मे महिना. मूर्तिजापूर येईस्तोवर निम्म्या कळ्या पिवळ्या पडल्या, अन् मी त्या टोपलीवर असा चिडलो की समोरचा म्हातारा म्हणाला, "मास्तर, फुलाइवर काहून तापता? ऊन का त्याइनं आनलं?"

नाही, नाही, ते दार राहू द्या तसंच. दिवा विझला तर पुन्हा लावू. बसा तुम्ही.

तर सदतीस सालची गोष्ट. नऊ वर्षं झाली. माझ्या नाटकाचा बोलपट होणार होता. अकोल्याच्या एका कापूसवाल्यानं त्याचं जीन, म्हणजे कापसाचा कारखाना, दिलं होतं. उन्हाळ्यात सरकी काढायचं काम बंद, शेड रिकामं. पुण्याहून यंत्रं आली, कॅमेरावाले आले, आवाज टिपणारे भगवंतराव आले. लेखक मी, दिग्दर्शकही मीच. अमरावतीचा माळ्याचा पोट्टा शेषराव! पडद्यावर नाव येणार, अन् एकट्याचं येणार. माझी झोप उडाली होती त्यापायी, आता लपवून काय करू?

तुम्ही पुण्याहून आला आहात, नाटक तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. नाव 'बारा वर्सांचा पाहुणा'. नवरा बारा वर्षं घर सोडून जातो अन् शेवटच्या अंकात परत येतो. बायको त्याला पाणी देते, पाट मांडते, अन् दार लावायला वळते. तिथं मी नवऱ्याच्या तोंडी दोन पानांचं भाषण घातलं होतं. चांगलं होतं भाषण. आजही पाठ आहे, पण ऐकायचं कोणाला आहे?

पहिल्याच प्रयोगाला आमचे खुशालराव, कंपनीचे मुख्य नट, ते अख्खं भाषण विसरले. घाम फुटला माणसाला. विंगेत आमचे प्रॉम्प्टर नत्थुजी बसलेले. प्रॉम्प्टर म्हणजे नटाच्या अर्धं वाक्य पुढे चालणारा माणूस. नट 'मी' म्हणतो तेव्हा हा 'आलो'वर पोचलेला असतो. रात्रभर कुजबुजून घसा सुकतो म्हणून नत्थुजींच्या गालात कायम एक लवंग. पण त्या वेळी त्यांच्या कंदिलाची काच तडकली, वात गेली, अन् वहीतलं अक्षर दिसेना. तेव्हा त्या माणसानं आपल्या मनानंच एक वाक्य सोडलं. खुशालरावांनी ते उचललं.

"दार लावू नको वं… मी अजून आत आलो नाई."

घरात उभा असलेला माणूस हे म्हणतो. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला तेवढाच काय तो आवाज. मग पिटातून एक जण ओरडला, "वन्स मोअर!" अहो, वन्स मोअर पदाला मिळतो. गद्याला कोणी ऐकला आहे? तीनदा दार लावलं, तीनदा ते वाक्य म्हटलं, तेव्हा पडदा पडू दिला लोकांनी.

झालं! माझं दोन पानांचं भाषण गेलं खड्ड्यात. अख्ख्या वऱ्हाडाला ते एक वाक्य पाठ. टांगेवाले म्हणत, बाजारात भाजीवाल्या एकमेकींना म्हणत. हिवरखेडच्या एका लग्नात नवरदेवाला दारात अडवला, तर तो लेकाचा हेच बोलला, अन् सगळं वऱ्हाड माझ्याकडे पाहून टाळ्या पिटू लागलं. 'मास्तर, काय लिहिलं बाप्पा तुमी!' मी हसलो. प्रत्येक वेळी हसलो. अन् घरी येऊन चरफडलो. पावणेदोनशे पानं माझी, अन् लोकांच्या तोंडी एक ओळ, तीही दुसऱ्याची. पण 'ते माझं नव्हे' असं मी एकदाही म्हटलं नाही.

पुढं अचलपूरच्या मुक्कामात नत्थुजी तापानं गेले. बोलपट निघाला त्याच्या दोन वर्षं आधी. कंपनीच्या बाकीच्या प्रती वाळवीनं खाल्ल्या होत्या, म्हणून पटकथेसाठी मी त्यांचीच वही मागवली. त्यांच्या बायकोनं, पार्बताबाईनं, ती लुगड्याच्या तुकड्यात बांधून पाठवली. उघडली तर अजून लवंगेचा वास. शेवटच्या अंकात ते वाक्य त्यांच्या हातानं तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं. मी दौत ओढली अन् त्यावर शाईची आडवी रेघ मारली. सगळ्यांना सांगितलं, सिनेमात चेहरा बोलतो, शब्द कशाला? खरं कारण हे, की सिनेमा तरी मला निखळ माझा पाहिजे होता.

असो. मी जीनवर पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. टिनाचं शेड, आत कापसाचे बारीक तंतू तरंगत असलेले, सरकीचा तेलकट वास. मध्यभागी सेट म्हणजे एक भिंत, एक दार, एक पाट. मुहूर्ताला शेवटचाच प्रसंग घ्यायचा होता, कारण मैनाबाई, आमची नटी, तिला दुसऱ्याच दिवशी नागपूरला जायचं होतं. खुशालराव ते ऐकून खवळलेच.

"पयल्या दिवशी शेवट? मास्तर, तेरवी आंधी अन् मरन मंग, असं असते काय कुठी?"

"सिनेमात असंच असतं."

"अन् प्रॉम्प्टर कुठी बसन?"

"प्रॉम्प्टर नसतो. यंत्र सगळं ऐकतं."

"बिगर प्रॉम्प्टरचा मी उभा नाई राहिलो कदी."

"तुम्हाला बोलायचंच नाही ना काही! ती दार लावते, तुम्ही फक्त पाहायचं. वाक्य काढलं ते."

ते तडक माझ्यासमोर आले. "ते वाक्य काढलं? लोक जोडे मारतीन, मास्तर." मी म्हटलं, "लेखक कोण आहे, मी का लोक?" ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले अन् जागेवर जाऊन उभे राहिले. सुकलेला मोगरा मी स्वतःच कॅमेऱ्याला वाहिला. नारळ फोडला तर तोही नासका निघाला. माझं डोकं तिथूनच फिरलं होतं.

आता बोलपटाची एक रीत असते. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून टेक घ्यायच्या आधी सगळी दारं लावतात. शेडला एकच मोठं लोखंडी पत्र्याचं दार. भगवंतराव कानाला ते काळे हेडफोन लावून पेटीपाशी बसले अन् त्यांनी हाळी दिली, "दार लावा!"

दोघा हमालांनी दार ओढलं. आत भट्टी झाली. यंत्र सुरू झालं. मैनाबाईनं पाणी दिलं, पाट मांडला, सेटचं दार लावायला वळली…

"कट!" भगवंतराव उठून उभे. "शेषराव, तुमचं हे नाटकवाल्यांचं प्रॉम्प्टिंग आधी बंद करा बरं! स्पष्ट ऐकू येतंय मला."

"कोणीही प्रॉम्प्ट करत नाही."

"मग कुणाला तरी उकडतंय. 'दार लावू नका' म्हणून तक्रार चाललीये त्याची. कुजबुजत."

ते पुण्याचे. नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं, वाक्य त्यांना माहीत नव्हतं. मी हमालांवर उखडलो. दिवे धरणाऱ्यांना झाडलं. "उकाडा होते तं घरी जा! कोन बोललं?" मैनाबाईनं पदरानं घाम टिपला अन् हळूच म्हणाली, "मास्तर, कोनीच नाई बोललं जी. मी इथंच तं हावो."

दुसरा टेक. "दार लावा!" यंत्र सुरू झालं. पाणी, पाट, दार…

"कट. पुन्हा तेच." भगवंतरावांचा आवाज या वेळी उतरला होता. "शेषराव, जरा इकडे या. तुम्हीच ऐका."

मी तिरीमिरीत गेलो अन् हेडफोन कानाला लावले. शेडमध्ये सगळे पुतळ्यासारखे उभे. आधी नुसती घरघर. मग खुशालरावांचा श्वास, मैनाबाईच्या बांगडीची किणकिण. अन् मग… दाताला लवंग लागल्याचा बारीक आवाज. कट्… कट्. गालातून गालात फिरवताना होतो तसा. सात वर्षं विंगेत त्या माणसाशेजारी बसलो होतो मी.

"दार लावू नका, मास्तर…"

वाक्यात 'वं' होता. बायकोला म्हणायचं वाक्य आहे ते. त्या कुजबुजीत 'वं' नव्हता…

"…मी अजून आत आलो नाई."

आता जे सांगतो ते मी कोणाजवळ बोललो नाही. नत्थुजी वारले त्याच्या महिनाभर आधी ते माझ्या घरी आले होते. अशीच टळटळीत दुपार. त्याआधी त्यांचं एक पत्र आलं होतं. 'मास्तर, नाटकाच्या हस्तपत्रकावर कुठी कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव टाका. एक वाक्य माझं हाय, इतकंच. पार्बती वाचते आता, तिले दाखवीन.' मी उत्तर दिलं नव्हतं. म्हणून ते स्वतः आले, बडनेऱ्यापासून पायी. मी आत जेवून लवंडलो होतो. माझी बायको गोदा सांगत आली, नत्थुजी आले. मी म्हटलं, घरी नाही म्हण, अन् दार लाव. ती म्हणाली, "अवो, त्याइचा पाय उंबऱ्यात हाये. उनाचे आले ते. पानी तरी…" मी ओरडलो, "दार लाव म्हणतो ना!" ओरडलो ते त्यांना ऐकू गेलं असणारच. गोदानं दार लावलं. बऱ्याच वेळानं फटीतून पाहून ती म्हणाली, ते उभेच आहेत अजून. मी कूस बदलली.

तर हेडफोन काढून मी भगवंतरावांना म्हटलं, "वारा आहे. पत्र्याच्या फटीतून येतो. घ्या पुढचा टेक." ते म्हणाले, "वारा मराठी बोलतो का हो?" मी म्हटलं, "घ्या म्हणतो ना!" त्या दिवसापुरते कच्च्या फिल्मचे चारच डबे होते, दोन वाया गेले होते.

तिसरा टेक. मैनाबाई सेटचं दार लावायला वळली. खुशालरावांनी तिच्याकडे पाहायचं होतं. त्यांनी मान उलटी फिरवली, शेडच्या त्या मोठ्या पत्र्याच्या दाराकडे, अन् बोलले, "दार लावू नको वं… मी अजून आत आलो नाई." मैनाबाईनं दारावरचा हात काढला. दिवे धरणारा एक पोरगा रडायला लागला.

मी धावून गेलो. "कोणी सांगितलं बोलायला? काढलं ना ते वाक्य!"

"प्रॉम्प्ट आला, बोललो," खुशालराव म्हणाले. "तीस वर्सं झाले मास्तर. प्रॉम्प्ट आला का तोंड उघडते."

"कोणाचा प्रॉम्प्ट?"

ते पाटावर बसले, तोंडावरचा रंग पुसला अन् हळू आवाजात म्हणाले, "मले काहून इचारता? तुमाले मालूम हाये. नाव टाकून द्या न त्याचं… काय जाते तुमचं?"

काय जातं! अहो, तेच तर जात होतं. एक डबा उरला होता. तेव्हाच हो म्हटलं असतं तर एवढं झालं नसतं. पण माझ्या डोक्यात राख गेली. मी म्हटलं, चौथा टेक, अन् दार मी लावतो. मी स्वतः ते पत्र्याचं दार ओढलं, आडणा घातला, अन् पाठ लावून उभा राहिलो. पत्रा उन्हानं इतका तापला होता की सदऱ्यातून पाठ पोळली. पण एका जागी, बरोबर माझ्या दोन खांद्यांच्या मध्ये… तिथं पत्रा गार होता. पलीकडून कोणी टेकून उभं असावं तेवढी जागा. मी हललो नाही. मैनाबाईनं दार लावलं. खुशालराव तिच्याकडे बघत राहिले, मुके. भगवंतरावांनी बोट वर केलं. आवाज साफ. मी जिंकलो. पाठीवर फोड आले होते, मधली हातभर जागा सोडून.

दिवाळीनंतर अकोल्याच्या टॉकीजमध्ये पहिला खेळ लागला, दुपारी तीनचा. पडद्यावरच्या पाटीवर नाव आलं, 'लेखक शेषराव'. एकट्याचं. मी मागच्या खुर्चीत बसून छाती फुगवली. शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर मैनाबाई दार लावायला वळली, अन् कर्ण्यातून काहीच आलं नाही. ठरल्याप्रमाणे शांतता.

अन् त्या शांततेत अख्खं थेटर बोललं.

सातशे माणसं. कोणी ओरडलं नाही. सगळे आपापल्याशी, कुजबुजत, जसे देवळात ओठ हलतात. "दार लावू नको वं…" बाया, म्हातारे, शेंगदाणे विकणारा. त्यांना पाठच होतं ते. यात नवल काही नाही, मी मनाला समजावलं. लोकांना सवय आहे. पण माझ्या मानेशी, खुर्चीच्या मागून, एक आवाज त्या सातशे माणसांच्या अर्धं वाक्य पुढे चालला होता. तो 'मी अजून' म्हणाला तेव्हा लोक 'दार लावू'वर होते. माझ्या मागे खुर्ची नव्हती, भिंत होती. लवंगेचा वास इतका आला की मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय आलं असेल? 'मास्तरांची कमाल! वाक्य न बोलता प्रेक्षकांकडून बोलवून घेतलं!' मी ते कापून ठेवलं. हो, ठेवलं. अन् नाव तेव्हाही टाकलं नाही.

मग ते सुरू झालं. लिहायला बसलो की टाक दौतीत बुडवायच्या आत कानाशी पुढचं वाक्य यायचं. उत्तम वाक्य यायचं. मी त्याऐवजी दुसरं काही लिहून पाहिलं, तर ते आंबलेल्या वरणासारखं लागे, फाडून टाके. त्या वाक्यांवर मी तीन नाटकं लिहिली. लोक म्हणतात मास्तरांची लेखणी आता खुलली. लेखणी कसली कपाळाची! नऊ वर्षांत एक ओळ माझी नाही. चिठ्ठी लिहायला घेतली तरी तो अर्धं वाक्य पुढे. अन् दिवेलागणीला रोज, न चुकता, त्या दाराशी… 'मी अजून आत आलो नाई.' म्हणून ते दार नऊ वर्षं उघडं आहे. गोदा गेली तेव्हाही लावू दिलं नाही. म्हटलं, ये बाबा एकदाचा, अन् सोडव. पण तो येत नाही. उंबऱ्यातच.

आज तुम्ही आलात, म्हणालात, नाटकांवरच्या पुस्तकात ते वाक्य छापायचं आहे, खाली तुमचं नाव घालू ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बसा, सांगतो. तर लिहून घ्या. ते वाक्य नत्थुजींचं आहे. प्रॉम्प्टर नत्थुजी, अचलपूरला वारले. पार्बताबाई आहे अजून, तिला एक प्रत पाठवा. घ्या, बोललो एकदाचा. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

आणि एक गंमत पाहा. दिवा लागून तासभर झाला. दाराशी आज तो आवाज आला नाही. एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं, त्यात कोणी माझ्या पुढे चाललं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी वाक्यं माझी मलाच सुचली. सुटलो म्हणायचं मी. नाव दिलं अन् तो गेला.

का… आत आला?

तुम्ही लवंग खाता काय हो? नाही? मग वास… अन् मगापासून मी पाहून राहिलो. आधी वाटलं, पुण्याचा माणूस, सभ्यपणा असेल. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच… अर्धं वाक्य आधीच… तुमची मान हलून राहिली. पुढं काय येनार ते तुमाले…

तुमाले कोन सांगून राहिलं?